ढगातला ये

बेलग्रेड, १२ फेब्रुवारी २००६

ती. मामा यांस स्वेत्लानाचा सादर नमस्कार. वि. वि.

आईकडून कळलं की तुमच्या डाव्या कानानेही आता संप पुकारला आहे आणि फोन हातात धरला की तुम्हाला नुसती माशी गुणगुणल्यासारखं वाटतं. म्हणून ही बातमी पत्राने कळवते आहे. नीट बसून वाचा. तुमचा ‘नेदेल्को तराफेवाला’ पुन्हा छापला जाणार आहे! एखाद-दुसरी वही नव्हे. १९६९ पासून १९८१ पर्यंतच्या बेचाळीसच्या बेचाळीस चित्रवह्या, जाड पुठ्ठ्याचे तीन खंड, पाठीवर सोनेरी अक्षरं. आणि हे काम आमच्याच प्रकाशनात, माझ्याच टेबलावर आलं आहे.

कसं झालं ते सांगते. नोवी सादचे एक म्हातारे गृहस्थ गेल्या शरदात वारले. आपल्या द्रिना नदीकाठच्या गावातल्या सांस्कृतिक भवनाचा छापखाना काढायचा त्या वह्या ते टपालाने मागवत असत आणि खोक्यात क्रमाने लावून ठेवत. त्यांच्या मुलीने ते खोकं आमचे मुख्य संपादक मोमचिलोसाहेब यांना आणून दिलं. गावातल्या सगळ्या प्रती तर ब्याण्णवच्या युद्धात घरांबरोबरच जळाल्या. म्हणजे मामा, साऱ्या जगात उरलेला हा एकच संच! मोमचिलोसाहेब विचारत होते की लेखक हयात आहे का. मी म्हटलं, चांगला हयात आहे, लोझ्नित्साला राहतो आणि माझ्या आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो.

तुम्हाला एकदम सांगायचं म्हणून महिनाभर तोंड दाबून बसले होते. तेवढ्यात तिन्ही खंडांचं शुद्धलेखन तपासूनही झालं. लाल शाईने अकराशेच्या वर दुरुस्त्या केल्या. गावच्या छापखान्याला तपासनीस कुठला असणार! मोमचिलोसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पानं वर धरून दाखवली आणि म्हणाले की इतकं स्वच्छ काम या खोलीत वर्षानुवर्षं झालेलं नाही. आई मोज्यांच्या कारखान्यात उभी राहिली, तुम्ही मला या वह्यांवर वाचायला शिकवलंत, त्यातून आपल्या घरात पहिली पदवी आली. ती तुमच्याच कामी आली याचा मला किती आनंद झाला आहे हे लिहून कळणार नाही.

पहिल्या खंडासाठी चार ओळींची प्रस्तावना पाठवा. तुम्हाला आणखी काही सांगायचं असेल तर तेही कळवा. लोभ आहेच, तो खंडागणिक वाढू द्यावा.

आपली भाची,
स्वेत्लाना


लोझ्नित्सा, २० फेब्रुवारी २००६

चि. स्व्येत्लाना हिस ओब्रेनमामाचे पोटभर आशीर्वाद.

पंडिताबाई, तुझं पत्र तुझ्या आईने मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना वरच्या मजल्यावरची बाई खाली आली आणि म्हणाली की पुस्तक निघतंय हे तिलाही कळलं, आता जरा हळू. मग तुझी आई रडली आणि कोबीची पानं भरायला बसली. आपल्या घरात आनंद झाला तरी कोबी शिजतो आणि दुःख झालं तरी कोबीच. चार दिवस तेच खातो आहे. आनंद कमी झाला तर बरं, असं आता वाटायला लागलं आहे.

प्रस्तावना मला जमणार नाही. मी लाकडाच्या वखारीत ओंडके मोजणारा माणूस. गोष्टी सुचायच्या, त्या मी पावतीपुस्तकांच्या मागे लिहायचो. पण आणखी काही सांगायचं आहे का असं विचारलंस, तर हो, एकच गोष्ट सांगायची आहे.

हिल्मो तुला नीट आठवत नसेल. तू दहा वर्षांची होतीस आपण नदी ओलांडून इकडे आलो तेव्हा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. नेद्येल्को त्याने काढला. आणि माणसांच्या डोक्यावर बोलण्याचे जे ढग असतात ना, त्यातला शब्दन् शब्द त्याने हाताने लिहिला, कारण आपल्या छापखान्यात तेवढी बारीक अक्षरंच नव्हती. बारा वर्षं, टाकाने, काळ्या शाईत. लोक मला भेटले की म्हणायचे, गोष्ट बरी आहे, पण अक्षर काय सुंदर आहे! मी वरवर चिडायचो.

त्याचा ये, म्हणजे आपल्या लिपीतलं ते अक्षर, तर बघण्यासारखा. त्याला मासे धरायच्या गळासारखं शेपूट असायचं, खाली वळून पुन्हा वर आलेलं. तो कुरकुरायचा की बेलग्रेडवाले नदीला ‘रेका’ म्हणून मोकळे होतात, आपण ‘रियेका’ म्हणतो, आणि या एका ये-पायी माझी बाटलीभर शाई जास्त जाते. पण चौऱ्याहत्तर साली बेलग्रेडच्या एका मोठ्या साप्ताहिकाने आम्हाला विचारलं, की ये काढलात तर देशभर छापतो, तेव्हा नको म्हणणारा तोच होता. म्हणाला की द्रिनेवरचा तराफेवाला ‘रेका’ म्हणाला तर पहिल्याच वळणावर बुडेल. म्हणून आम्ही तीनशे प्रतींवरच राहिलो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं.

जून ब्याण्णवमध्ये हिल्मोला घरातून नेलं. मग घर जाळलं. त्याचं हाडसुद्धा सापडलेलं नाही. नफिया, त्याची बायको, तुझलाला बहिणीकडे राहते. मागच्या ईदेला, त्यांच्या बैरामला, मी तिला चार ओळी पाठवल्या होत्या. तिने उलट लिहिलं की ओब्रेनभाऊ, माझ्याकडे त्याच्या हातचं एक अक्षर नाही. बाजाराची यादीसुद्धा नाही. फोटो बहिणीकडे एक होता, चेहरा आहे. पण हात नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तिला कळवलं की पुस्तक येतं आहे, तीन खंड भरून हिल्मोचा हात येतो आहे. तेव्हा बाळ, एवढंच कर. ढगांना कुणाला हात लावू देऊ नकोस. चुका असल्या तर असू देत. माझं नाव मुखपृष्ठावरून गेलं तरी चालेल.

आणि हो, तू खाली सही ‘स्वेत्लाना’ अशी करतेस. नेद्येल्कोलाही ‘नेदेल्को’ लिहिलंस. घाईत असशील. तुझं नाव मी ठेवलं आहे, उजेडावरून. आणि आपल्याकडच्या उजेडात ये असतो.

जेवत जा. माया इथे शिल्लक आहे, लागेल तेव्हा घेऊन जा.

तुझा,
ओब्रेनमामा


बेलग्रेड, ६ मार्च २००६

ती. मामा यांस नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. इथे काम फार आहे. ढगांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. मोमचिलोसाहेबांशी बोलते आहे. नफियाकाकूंचा पत्ता भेटप्रतींच्या यादीत पहिल्या ओळीत घातला आहे.

हिल्मोकाकांचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाएवढंच मोठं येणार, हे मी ठरवून घेतलं आहे.

आईला सांगा की लोकरीचे मोजे मिळाले. लोभ तसाच राहावा ही विनंती.

स्वेत्लाना


लोझ्नित्सा, २५ एप्रिल २००६

चि. स्व्येत्लाना हिस अनेक आशीर्वाद, आणि ईस्टरचं एक लाल अंडं उधार. तुझ्या वाटणीचं मी खाल्लं.

सणाला आली नाहीस. तुझी आई म्हणते काम असेल. मी म्हणतो मुलगा असेल. मुलगा असला तर सांग, मी त्याला आधी ‘रियेका’ म्हणायला लावणार आणि मगच आशीर्वाद देणार.

तुझं पत्र फारच आखूड होतं. तार केल्यासारखं. तुझ्याकडून मला किमान चार पानांची सवय आहे, त्यातलं एक पान तरी मला सुधारण्यासाठी असतं. तब्येत बरी आहे ना?

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं दवाखान्यात म्हणाले. शरदात शस्त्रक्रिया करतील. मला घाई आहे, कारण मला खंड दिसायला हवेत. तोवर तुझी आई वाचेल, पण ती ढग वाचताना प्रत्येक माणसाला एकाच आवाजात बोलायला लावते. नेद्येल्को, त्याचा घोडा आणि पोलीसपाटील, तिघंही तिच्या तोंडी शाळेच्या बाईसारखे बोलतात.

नफियाचं पत्र आलं आहे. तिने भिंग विकत घेतलं. म्हणाली की बहिणीने विचारलं, एवढं मोठं भिंग कशाला, तर तिने सांगितलं, पाहुणा येतो आहे. त्याच्यासाठी थोडा गोड बक्लावाही तिने करून ठेवला होता, पण पुस्तकं त्यापेक्षा हळू चालतात असं दिसलं म्हणून खाऊन टाकला.

लवकर लिही. आखूड नको.

तुझा,
ओब्रेनमामा


बेलग्रेड, १४ मे २००६

ती. मामा यांस नमस्कार.

हे पत्र मी सहा वेळा लिहिलं आणि फाडलं. आईला वाचायला देऊ नका. दिसत नसेल तर भिंग घ्या, पण तुम्ही स्वतः वाचा.

मी फेब्रुवारीत ज्या अकराशे दुरुस्त्यांची फुशारकी मारली होती, त्या छपाईच्या चुका नव्हत्या. ते ये होते. तुमचं पत्र येण्याआधीच मी एकेक ये लाल शाईने खोडला होता.

मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मला सगळ्यात आधी लिहायचं आहे, म्हणजे तुम्ही मोमचिलोसाहेबांना दोष देणार नाही. त्यांनी मला उलट विचारलं होतं, की ही बोली मुद्दाम ठेवलेली आहे का. मीच म्हणाले की नाही, चुका आहेत, गावचा छापखाना होता. मामा, मी खोटं बोलले नाही. मला त्या खरोखर चुकाच दिसल्या. लोझ्नित्साच्या शाळेत पहिल्या वर्षी मी ‘रियेका’ म्हटलं की मागच्या बाकांवरून गाढवासारखं ओरडायचे. मी घरी आरशासमोर उभी राहून ‘रेका, रेका’ घोकलं. विद्यापीठात आले तेव्हा एकाही माणसाला मी कुठली ते ओळखता आलं नाही आणि त्याचा मला अभिमान वाटला. मला वाटायचं, भाषा शुद्ध असली की माणसाला कुणी कुठून हाकलत नाही. मग तुमच्या वह्या समोर आल्या. हात आपोआप चालला. तुम्ही ज्या वह्यांवर मला वाचायला शिकवलंत, त्याच.

तुमचं पत्र हातात घेऊन मी धावत खाली अक्षरजुळणीच्या खोलीत गेले. तोवर झालं होतं. ये काढले की ढगांत मधे मधे भोकं पडत होती. ती बरी दिसत नाहीत म्हणून त्या माणसाने सगळेच ढग पांढरे केले आणि संगणकाच्या अक्षरांत मजकूर नव्याने बसवला. त्याच फायलींवर. जुन्या त्याने वेगळ्या ठेवल्या नव्हत्या. मी म्हटलं वह्या पुन्हा स्कॅन करू. त्याने कोपऱ्यातलं रिकामं खोकं दाखवलं. स्कॅन करताना पान सपाट पडावं म्हणून वह्या शिवणीपाशी कापतात, आणि काम झालं की कापलेले कागद रद्दीत जातात. इथली रीतच आहे ती. मी दोन वर्षं इथे आहे, मला माहीत होती. मी ठेवा असं म्हणाले नाही, कारण मला वाटलं, आता स्वच्छ प्रत तयार आहे.

मी रद्दीच्या वखारीत गेले. तिथल्या माणसाने सांगितलं की तो माल जानेवारीतच लगदा व्हायला गेला. त्याने मला पाणी दिलं.

मार्च आणि एप्रिल मी नोवी साद, सुबोतित्सा, साराएवो इथल्या जुन्या वह्या जमवणाऱ्या सगळ्यांना पत्रं लिहिली. नेद्येल्कोचं नाव दोघांनी ऐकलं होतं. पाहिला कुणीच नव्हता.

खंड छापून झाले आहेत. मोमचिलोसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले की पुस्तक तरी राहिलं. नफियाकाकूंना काय लिहू, ते मला सांगा. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची,
स्वेत्लाना


तुझला, २ जुलै २००६

ओब्रेनभाऊ यांस नफियाचा सलाम.

बेलग्रेडहून खोकं आलं. तिन्ही खंड फार देखणे आहेत. जड आहेत. टपालवाल्याला मी कॉफी दिली आणि त्यालाही दाखवले. हिल्मोचं नाव तुमच्या नावाएवढंच आहे हे बघून बरं वाटलं. तुमच्या भाचीने लक्ष घातलं असणार. तिला माझे आशीर्वाद सांगा.

तुम्ही मधे दोन महिने काहीच लिहिलं नाहीत, तेव्हाच मला वाटलं होतं की काहीतरी आहे. आता तुम्ही सांगू नका. मला दिसलं.

पहिल्या दिवशी मी समजले की मीच त्याचं अक्षर विसरले. चौदा वर्षं झाली, विसरू शकतं माणूस. मग तीन दिवस भिंग घेऊन बसले. सगळे अ एकसारखे. सगळे क एकसारखे. दमलेल्या दिवशी त्याची ओळ उजवीकडे उतरायची, ती कुठेच उतरलेली नाही. बहिणीने विचारलं की हेच का त्याचं अक्षर. मी हो म्हटलं. तिला कशाला.

दुसऱ्या खंडात एक खानावळ आहे, नदीकाठची. तिच्या दारावर पाटी आहे. ती ढगात नाही, चित्रात आहे, म्हणून राहून गेली असेल. पाटीवर त्याने आपल्या लिपीतल्या सहा अक्षरांत ‘रियेका’ लिहिलं होतं. कुणीतरी मधली दोन अक्षरं घासून काढली आहेत आणि तिथे पांढरं आहे. पण बाजूची चार त्याची आहेत. र त्याचाच, पोट पुढे काढून उभा. मी त्या पानात लोकरीचा धागा घालून ठेवला आहे. दुपारी कामं आटोपली की उघडते. बोट पांढऱ्या जागेवर ठेवलं की दोन्हीकडची अक्षरं नीट दिसतात.

चार पुरतात. यादीतसुद्धा तो ‘मीठ’ एवढंच लिहायचा.

डोळ्यांना जपा.

नफिया


लोझ्नित्सा, ११ जुलै २००६

चि. स्वेत्लाना हिस आशीर्वाद.

सोबत नफियाचं पत्र पाठवतो आहे. वाचून परत कर.

खंड मिळाले. कागद चांगला आहे. तुझ्या आईने पहिला खंड वाचून दाखवला. या खेपेला सगळे जण एकाच आवाजात बोलले ते मला बरोबरच वाटलं.

मी रागावलेलो नाही, हे तुझ्या आईने लिहायला सांगितलं आहे, आणि ते खरं आहे. रागवायला समोर कुणी चोर लागतो. तुझ्यात मला चोर सापडत नाही. दहा वर्षांची मुलगी सापडते, आरशासमोर उभी. तेव्हा मी बाहेरच्या खोलीतच बसलेलो असायचो. मला ऐकू यायचं. मला वाटलं, पोर शिकते आहे, शिकू दे.

दवाखान्यात जाऊन शरदातली तारीख रद्द करून आलो. आहे तेवढं दिसतं, पुरे आहे. रेकेवर फिरायला हल्ली जात नाही. वेतर फार असतो. आम्हीही आता नियमाप्रमाणे बोलायला शिकतो आहोत.

तुझा मामा


बेलग्रेड, २० ऑगस्ट २००६

ती. मामा यांस नमस्कार.

नफियाकाकूंचं पत्र सोबत परत करते आहे. मी त्याची नक्कल केली नाही. मला तेवढा हक्क नाही असं वाटलं.

तुमच्या पत्रात ‘वेतर’ वाचलं आणि वाऱ्याचा ये गेलेला बघून मला पुढचं काही दिसेना. तुम्ही मला खूप बोलला असता तर बरं झालं असतं. आरशाचं लिहिलंत तेही नको होतं. तो दोष तुम्ही घेऊ नका, माझ्याकडे आहे तो माझ्यापुरता पुरेसा आहे.

मी एक प्रत विकत घेतली. टाक आणि काळी शाई आणली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी बसते आणि ढगाढगात ये परत लिहिते, ओळींच्या वर, जिथे जागा असेल तिथे. आजवर आठशे बारा झाले. यातून काही भरून येणार नाही हे मला कळतं. पहिले शंभर शाळेच्या वहीतल्यासारखे आले. मग मी शेपूट खाली वळवून वर आणायचा प्रयत्न केला, तर ते गळासारखं न दिसता अळीसारखं दिसतं. ज्याचं बघून गिरवायचं, ते आता कुठेच नाही. तुमच्या आठवणीत असेल. पण तिथून मला ते कसं दिसणार? एकदा कागदावर काढून पाठवाल का, असं विचारणार होते. मग आठवलं की तुम्हाला दिसत नाही आणि ती तारीखही तुम्ही रद्द केलीत.

मोमचिलोसाहेबांनी परवा मला बढती दिली. मुख्य तपासनीस. मी हो म्हटलं आहे. मला दुसरं काही येत नाही. पण एखाद्या पानावर कुठल्याही गावचा एखादा वेडावाकडा शब्द आला की लाल पेन हातात तसंच राहतं, आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारते की बरं वाटत नाही का.

आई सांगत होती की माझी पत्रं हल्ली तुम्ही उघडत नाही. पाकीट हातात घेता, दोन्ही बाजूंनी बघता आणि खिडकीत ठेवता. म्हणून या खेपेला पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव मी फार मोठं लिहिलं आहे, टाकाने, काळ्या शाईत. ये वाकडाच आला आहे. पण उजेडाकडे धरलंत तर पाकीट न उघडताही दिसेल.

पुढच्या पत्रात काही लिहिलं नाहीत तरी चालेल. वर नाव तेवढं पुरं घाला.

लोभ उरला असेल, तर असावा.

स्व्येत्लाना